शेऱ्याचा रकाना

मंडळी, आयोजकांनी फोनवर एवढंच सांगितलं, 'वडिलांवर बोला, अर्धा तास.' मी म्हटलं, आमच्या आप्पांवर बोलायचं तर त्यातली वीस मिनिटं मातीवर जातील. ते म्हणाले, चालेल. तेव्हा आता तक्रार नको.

आप्पा इरिगेशनमध्ये होते. 'पाटबंधारे खातं' हे आमच्याकडे फक्त कागदावर असायचं, बोलताना इरिगेशनच. सुरुवातीची बरीच वर्षं ते इथे नाशिकला, दिंडोरी रोडवरच्या मेरीत, मातीच्या प्रयोगशाळेत होते. महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, स्थापना 1959. पण हे पूर्ण नाव रिक्षावाल्याला सांगून बघा, तो तुम्हाला बाहेरगावचे समजेल.

रविवारी आई कणीक मळायला बसली की आप्पा त्यातला सुपारीएवढा गोळा उचलायचे आणि पोळपाटावर तळहाताने त्याची वळी वळायचे. पातळ, आणखी पातळ. मातीची अशी वळी तीन मिलिमीटर जाडीला येता येता तडकून तुटायला लागली, तर त्या वेळी मातीत जेवढं पाणी आहे ती तिची प्लॅस्टिक लिमिट. प्रयोगशाळेत हे काचेवर करतात, आमच्याकडे पोळपाटावर. आईची कणीक मात्र काही केल्या तुटायची नाही. आप्पा म्हणायचे, "ही धरणाला चालायची नाही." आई म्हणायची, "मग धरणावरच जेवत जा." आणि वर्षातले चार महिने ते तिथेच जेवायचे, हेही खरं.

12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं तेव्हा ते पुण्यात शिकत होते. पानशेत मातीचंच धरण, काम अजून पुरं व्हायचं होतं. त्या दिवसाबद्दल आम्ही पुष्कळदा विचारलं. मित्रांबरोबर कुणाकुणाच्या घरातला चिखल उपसला, यापलीकडे ते कधी गेले नाहीत. पुढे आयुष्यभर मातीच्या धरणांचंच काम केलं. आता त्याचा संबंध लावायचा तर लावा, मी लावत नाही. त्यांना आवडलं नसतं.

आता थोडं धरणाच्या पोटात जाऊ. आपलं गंगापूर धरण सगळ्यांनी पाहिलंय, निदान तिथे मक्याचं कणीस तरी खाल्लंय. 1965 साली पूर्ण झालेलं, पावणेचार किलोमीटरहून लांब. अशा धरणाच्या मधोमध काळ्या चिकण मातीचा गाभा असतो, त्याला हार्टिंग म्हणतात. दोन्ही अंगांनी मुरमाड मातीचं केसिंग. पाण्याच्या बाजूला दगडांचं पिचिंग. आणि हार्टिंगच्या पाठीमागे वाळूचा फिल्टर. त्याचं काम पाणी जाऊ द्यायचं, माती अडवायची.

लोकांना वाटतं, धरण झिरपलं म्हणजे घात झाला. आप्पा हसायचे. मातीचं धरण झिरपणारच. बघायच्या त्या दोन गोष्टी: किती झिरपतंय, आणि कसं झिरपतंय. 'किती' साठी पायथ्याच्या गटारीत लोखंडी पत्र्याला व्ही आकाराची खाच असते, व्ही-नॉच. काटकोनी खाचेत 10 सेंटीमीटर पाणी चढलं असेल तर सेकंदाला साधारण साडेचार लिटर. 20 सेंटीमीटर झालं तर दुप्पट नव्हे, पंचवीस लिटरच्या आसपास. म्हणून बोटभर फरकही लिहायचा. आणि 'कसं' साठी काचेचा ग्लास. पाणी भरायचं, उजेडाकडे धरायचं. नितळ असेल तर घरी जा. गढूळ आलं तर धरणातली माती निघून चाललीय, मग झोपायचं नाही. वहीत तारीख, वेळ, तलावाची पातळी, नॉचवरचं पाणी असे रकाने, आणि शेवटचा शेऱ्याचा. त्यात बहुतेक वेळा दोनच शब्द: 'पाणी स्वच्छ.'

मला लहानपणी दमा होता. नाशिकच्या थंडीत जोर करायचा. आप्पा घरी असले की रात्री माझ्या पाठीवर हात ठेवून बसत, दुसऱ्या हातात घड्याळ. मिनिटभर श्वास मोजायचे आणि वहीत लिहायचे. वेळ, श्वास, काय औषध दिलं, आणि शेवटी शेरा. 'झोपली.' 'बसून आहे.' 'गोष्ट मागते.' आमचे डॉक्टर आधी ती वही मागायचे, मला नंतर तपासायचे.

पण ते असले तरच हे. 10 सप्टेंबर 1969 च्या महापुरात, नदीपात्रातला दुतोंड्या मारुती पाण्याखाली आणि सराफ बाजारात गोदावरी, तेव्हा मी पाच वर्षांची. आई आम्हाला घेऊन शेजाऱ्यांच्या माडीवर बसली होती. आप्पा तीन दिवस घरी आले नाहीत. आले ते गुडघ्यापर्यंत चिखलात, आणि आईला पहिला प्रश्न, "हिला धाप लागली का?" आईने उत्तर दिलं नाही. आंघोळीचं पाणी काढलं. माझ्या मॅट्रिकच्या निकालालाही नव्हते, जूनमध्ये पावसाआधीची तपासणी. मला त्याचा राग होता. बरीच वर्षं होता, उगाच कशाला लपवा.

गेल्या वर्षी ते गेले. कपाट आवरताना वह्या निघाल्या. सरकारी वह्या सरकारजमाच असतात, या घरच्या. माझ्या श्वासांच्या. सप्टेंबर 69 चं पान काढलं. 9 ते 12 तारखांच्या ओळी त्यांनी आखून ठेवल्या होत्या, आकड्यांचे रकाने कोरे. शेऱ्यात, वेगळ्या शाईने, नंतर लिहिलेलं: 'हजर नव्हतो. हिच्या आईला विचारले. सांगत नाही.'

वही आज आणली आहे. इथे टेबलावर ठेवते. बघा जरूर, फक्त पानं सावकाश उलटा, कडा झिजल्यात.