जॅक बदलण्याआधी कोन बदला: छोट्या ट्रॅक्टरच्या घरगुती डंपिंग ट्रॉलीविषयी

ठाण्यात शेतकरी आणि फॅब्रिकेटर यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन

नमस्कार मंडळी. मुरबाड-शहापूरकडचे शेतकरी इथे आहेत, वागळे इस्टेट आणि रबाळ्यात वेल्डिंगचं काम करणारेही आहेत, तेव्हा थेट कामाचंच बोलतो.

आपल्याकडची भातखाचरं लहान. मोठा ट्रॅक्टर आणि चारचाकी ट्रॉली बांधावरून आत नेणं कठीण, म्हणून अनेकांनी 20-25 हॉर्सपॉवरचा छोटा ट्रॅक्टर घेतला. मागे जोडायला दोन चाकांची ट्रॉली घरीच बनवली: कळंबोलीच्या लोखंड बाजारातून चॅनेल आणि पत्रा, जुन्या जीपचा एक्सल, आणि हौदा, म्हणजे माल भरायची पेटी, उचलून माल ओतायला खाली एक हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबानं ढकलणारा, जॅक. पावसाआधी शेणखत टाकायचं, बांधाला माती घालायची, वाटेवर मुरूम पसरायचा. ही कामं घमेल्यानं केली की बायामाणसांच्या कंबरेचं काय होतं, ते मी तुम्हाला सांगायला नको. ही ट्रॉली ते कष्ट वाचवते. म्हणूनच ती नीट बनली पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार एकच: रिकामा हौदा झटकन वर जातो, भरला की हलत नाही. त्यावर ठरलेला सल्ला मिळतो, मोठा जॅक बसव. माझं म्हणणं असं की जॅकला हात लावण्याआधी तो कुठल्या कोनात बसलाय ते बघा.

हिशोब मांडू. हौदा 2 मीटर लांब, 1.2 मीटर रुंद, फळ्या 40 सेंटिमीटर उंच. काठोकाठ मुरूम भरला तर वजन साधारण 1500 किलो. हौद्याचं लोखंड 250 किलो धरा. झाले 1750 किलो. बिजागर मागच्या टोकाला आहे, म्हणजे हे वजन बिजागरापासून 1 मीटरवर बसतं. जॅकचं वरचं टोक बिजागरापासून 1.2 मीटरवर हौद्याला लावलंय. तिथे सरळ वर सुमारे 1460 किलोचा जोर हवा.

आता जॅक. आतला व्यास 63 मिलिमीटर असेल तर पिस्टनचं क्षेत्रफळ 31 चौरस सेंटिमीटरच्या थोडं वर. तेलाचा दाब 150 बार (1 बार म्हणजे चौरस सेंटिमीटरला साधारण 1 किलो) मिळाला तर जॅक साडेचार टनांपेक्षा जास्त ढकलतो. दीड टनाला साडेचार टन, म्हणजे भरपूर झालं असं वाटतं. पण हौदा खाली बसलेला असताना जॅक जवळजवळ आडवा झोपलेला असतो. तो आडव्याशी 15 अंशांवर असेल तर त्याच्या जोरातला जेमतेम पाव भाग वर लागतो, बराचसा जोर हौद्याला पुढे ढकलण्यात जातो. 1460 किलो वर मिळवायला त्याला साडेपाच टनांहून अधिक ढकलावं लागेल. तेवढं त्याच्यात नाही. हाच कोन 25 अंश केला तर साडेतीन टनांत काम होतं आणि दाब 110 बारच्या आत राहतो. जॅक तोच, पंप तोच.

हे करायचं कसं? बंद असताना 75 सेंटिमीटर लांब असलेला जॅक घ्या. 15 अंशांना त्याच्या दोन टोकांच्या उंचीत सुमारे 19 सेंटिमीटरचा फरक असतो, 25 अंशांना सुमारे 32 चा. म्हणजे खालची पिन 13 सेंटिमीटर खाली न्यायची. फ्रेमच्या दोन्ही चॅनेलना खाली लोंबणारा एक भक्कम कंस वेल्ड करायचा, त्याला तिरपे आधार द्यायचे आणि पिन त्यात बसवायची. किंमत काही नट-बोल्ट, पत्रा आणि अर्ध्या दिवसाचं वेल्डिंग. तोटाही आहे, तो सांगायला हवा. जॅकचा स्ट्रोक, म्हणजे दांडा जितका बाहेर येतो ते अंतर, 50 सेंटिमीटर असेल तर हौदा पूर्वी 60 अंशांपर्यंत उठायचा, तो आता 48 च्या आसपास थांबेल. मुरूम, वाळू, खडी यांना तेवढा उतार पुरतो. आणि कंस बांधाच्या माथ्याला घासणार नाही एवढी जागा खाली आहे का, हे आधी मोजा.

मोठा जॅक लावला तर? 80 मिलिमीटरचा जॅक त्याच दाबावर साडेसात टनांहून जास्त ढकलतो. हौदा उठेल. पण कोन 15 चाच ठेवलात तर बिजागराच्या पिनांना पाच टनांहून जास्त आडवी ओढ बसेल. पिन झिजतात, भोकं लांबट होतात, आडवा चॅनेल वाकतो. काही जण तर ट्रॅक्टरच्या रिलीफ व्हॉल्व्हचा, म्हणजे जादा दाब सोडून देणाऱ्या झडपेचा, स्क्रू आवळून दाब वाढवतात. हे कृपा करून करू नका. तो व्हॉल्व्ह पंप आणि होज पाइप वाचवण्यासाठी आहे, आणि फुटलेल्या पाइपातून उडणारं तेल कातडीत शिरतं. गळती शोधायला पाइपावरून बोट फिरवू नका, पुठ्ठ्याचा तुकडा फिरवा.

आता एक्सल. याकडे फारसं कुणी बघत नाही, आणि उलटण्याचा धोका मात्र इथेच. भरलेल्या ट्रॉलीचं थोडं वजन दांडीवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या हुकावर पडलं पाहिजे. म्हणून एक्सल हौद्याच्या मध्याच्या मागे असतो. समजा 15 सेंटिमीटर मागे आहे. हौदा 45 अंशांना गेला आणि माल अजून आतच आहे, तर वजनाचा मध्य जवळपास अर्धा मीटर मागे सरकतो. तो एक्सलच्याही मागे जातो. मग दांडी खाली दाबत नाही, वर उचलते. दांडी एक्सलपासून 2 मीटर पुढे असेल तर ही उचल 280 किलोच्या घरात जाते. ज्या ट्रॅक्टरचं सगळं वजनच टनाच्या आसपास, त्याची मागची चाकं तिथे हलकी होतात. उतारावर असाल तर तो सरकतो.

कोरडा मुरूम 35 अंशांच्या आसपासच घसरायला लागतो, म्हणून बहुतेक वेळा हे जाणवत नाही. घात करते ती ओली, चिकट माती. पहिल्या पावसानंतर खाचरातली माती भरा, हौदा पूर्ण उठला तरी ती पुढच्या फळीला चिकटून बसते आणि मग एकदम सुटते. त्यासाठी एक्सल आणखी थोडा मागे घ्या, हुकाला झेपेल इतकाच. आणि फ्रेमच्या मागच्या टोकाला दोन खाली सोडता येणारे पाय लावा, डंप करताना जमिनीवर टेकतील असे. माती चिकटलीच तर हौदा खाली घ्या आणि फावड्यानं काढा. हौदा वर ठेवून ट्रॅक्टर पुढे-मागे झटकण्याची सवय मोडा. बाजूला उतार असेल तिथेही हौदा उचलू नका, कारण एका चाकाखाली बांध खचला तर उंच गेलेलं वजन ट्रॉलीला आडवी पाडतं.

फाळका, म्हणजे हौद्याची मागची फळी, वरून टांगलेला असू द्या, खालची कडी काढली की मालाच्या रेट्यानं आपोआप उघडेल. खालून बिजागर असलेला फाळका ओल्या मातीत अडतो.

छोट्या ट्रॅक्टरमध्ये लिफ्टचं तेल बहुधा गिअरबॉक्सचंच असतं. ट्रॉलीचा जॅक त्यातून दीड लिटर तेल घेतो, तेव्हा पातळी हौदा खाली असताना आणि वर असताना, दोन्ही वेळा तपासा. होज जोडताना कपलरवर, म्हणजे जोडायच्या तोंडावर, माती असेल तर ती सरळ गिअरबॉक्समध्ये जाते. दोन्ही टोकांना टोप्या हव्यात. आणि एकेरी जॅकच्या, म्हणजे तेलानं फक्त वर ढकलणाऱ्या आणि वजनानं खाली येणाऱ्या जॅकच्या, परतीच्या वाटेवर तेलाचा वेग कमी करणारा छोटा व्हॉल्व्ह बसवा, म्हणजे हौदा धाडकन न येता हळू उतरेल.

आता जी गोष्ट नसेल तर मी ट्रॉली तयार झाली असं मानत नाही, ती सांगतो: टेकू. हौदा वर असताना खाली ग्रीस मारायला, होज बघायला आपण वाकतो. त्या क्षणी सगळा हौदा एका रबरी सीलवर आणि एका पाइपावर उभा असतो. लेव्हरला मुलाचा हात लागला तरी तो खाली येतो. चॅनेलचा टेकू फ्रेमलाच बिजागरानं जोडून ठेवा, वर केला की हौद्याच्या खोबणीत बसेल असा. सुटा लाकडी ओंडका चालणार नाही, तो नेमका त्या दिवशी सापडत नाही. टेकू लावला, हौदा त्यावर अलगद टेकवला, इंजिन बंद केलं, मगच खाली जायचं. घरातल्या प्रत्येकाला हा क्रम शिकवा, ट्रॅक्टर न चालवणाऱ्यांनाही.

रस्त्याचं विचाराल तर 1988 च्या मोटार वाहन कायद्यात ट्रेलरही मोटार वाहनच धरला जातो. नोंदणी नसलेली घरगुती ट्रॉली आपल्या शेतातच वापरायची, डांबरी रस्त्यावर नाही. शेतातल्या उतारावरही भरलेली ट्रॉली ट्रॅक्टरपेक्षा जड असते आणि तिला ब्रेक नसतात, म्हणून खाली उतरताना पहिला गिअर आणि अर्धाच हौदा.

तुमच्यापैकी ज्यांची ट्रॉली भरल्यावर उठत नाही, त्यांनी घरी गेल्यावर चार मापं घ्या: बिजागर ते जॅकची वरची पिन, जॅकची बंद लांबी, दोन पिनांच्या उंचीतला फरक आणि बिजागर ते एक्सल. ती घेऊन कुणीही फोन करा, कंस किती खाली घ्यायचा ते आपण कागदावर काढू.