सत्तावन्न औषधे आणि एक तुडतुडा

[दृश्य: इंडोनेशियातल्या जावा बेटावरची भातखाचरे, उंचावरून. हिरव्यागार पट्ट्यात मधूनच तांबूस, वाळलेले गोल.]

वरून पाहिले तर वाटावे, रात्री कुणी शेतात शेकोट्या पेटवून गेले. पण इथे आग लागलेली नाही. खाली उतरून एखादा चूड, म्हणजे भाताच्या रोपांचा झुपका, हाताने बाजूला करा. बुंध्याशी, पाण्याच्या जरा वर, तांदळाच्या दाण्याहूनही लहान किडे दाटीवाटीने बसलेले दिसतील. हे तपकिरी तुडतुडे. ते रस शोषतात, रोप वाळते आणि वाळलेला गोल रोज रुंदावत जातो.

१९७०च्या दशकात या किड्याने इंडोनेशियाला जेरीस आणले. दशक संपता संपता हा देश जगातला सर्वांत मोठा तांदूळ आयातदार होता. सरकारने जे केले ते त्या काळाला धरूनच होते: सुधारित बियाणे, खत, कर्ज आणि कीटकनाशक, सगळे एका गाठोड्यात. त्याआधी साठच्या दशकाच्या शेवटी तर काही भागांत विमानांतून फवारणी झाली होती. खाली शेत कुणाचे आणि त्याला फवारणी हवी आहे का, हे विमानाने विचारायचे कारणच नव्हते.

इंडोनेशियातला शेतकरी कीटकनाशकाला ‘ओबात’ म्हणतो. ओबात म्हणजे औषध. आपणही औषधच ‘मारतो’. औषध म्हटले की ते वेळेवर घ्यायचे, आजार असो वा नसो. त्यात ते जवळजवळ फुकट मिळत होते. ऐन भरात कीटकनाशकाच्या किमतीतला ८० टक्क्यांहून अधिक वाटा सरकारी अनुदानातून जायचा. वर्षाला सुमारे १० कोटी डॉलर.

[दृश्य: पानाच्या आवरणाचा उभा छेद. आत केळीच्या घडासारखी लागून बसलेली अंडी.]

आता या अंड्यांकडे बघा. तुडतुड्याची मादी ती पानाच्या आवरणाच्या आत घालते, काही शेकड्यांनी. फवारा तिथवर पोहोचत नाही. वरचे तुडतुडे मरतात, शेतकरी समाधानाने घरी जातो. आठवड्याभरात अंडी फुटतात आणि पिल्ले बाहेर येतात ती रिकाम्या रानात. कारण फवाऱ्याने त्यांचे शत्रूही मारलेले असतात: बुंध्याशी दबा धरणारा लांडगा कोळी, तुडतुड्याची अंडी शोधून शोषणारा मिरीड ढेकूण, पाण्यावर पळणारे शिकारी कीटक. तुडतुड्याची पुढची पिढी महिन्याभरात तयार होते. कोळ्यांना तितकी घाई जमत नाही.

काही कीटकनाशकांच्या अल्प मात्रेने तर मादी जास्त अंडी घालते, असेही प्रयोगांत दिसले आहे. थोडक्यात, सरकार स्वतःच्या तिजोरीतून कीड पोसत होते.

१९८४ मध्ये इंडोनेशिया तांदळात स्वयंपूर्ण झाला. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १९८५ मध्ये, राष्ट्राध्यक्ष सुहार्तो यांनी रोममध्ये जागतिक अन्न आणि कृषी संघटनेच्या व्यासपीठावर ही कामगिरी जगाला सांगितली. इकडे जावाच्या खाचरांत तेच तांबूस गोल पुन्हा उमटू लागले होते. जिथे फवारणी सर्वाधिक, तिथेही.

इदा न्योमान ओका, कासुम्बोगो उंतुंग यांच्यासारखे इंडोनेशियन कीटकशास्त्रज्ञ आणि फिलिपिन्सच्या खाचरांत हेच कोडे उलगडलेला पीटर केनमोर यांचे म्हणणे एकच होते: फवारणी कमी झाली म्हणून तुडतुडा वाढलेला नाही, ती जास्त झाली म्हणून वाढला आहे. ज्या कृषी खात्याने वीस वर्षे औषधे वाटली, त्याच्या गळी हे उतरवणे किती अवघड गेले असेल, याची कल्पना करता येते.

[दृश्य: टंकलेखन यंत्रावर उमटणारी अक्षरे.]

नोव्हेंबर १९८६. राष्ट्राध्यक्षांचा आदेश क्रमांक ३. भातावर ५७ कीटकनाशकांना बंदी. अनुदान टप्प्याटप्प्याने कमी होत गेले आणि १९८९ च्या जानेवारीत शून्यावर आले. हुकूमशहाच्या सहीने हे एका फटक्यात झाले, हेही मान्य करायला हवे. संसदेत असे अनुदान काढायला निघालेल्या मंत्र्याची वाट इतकी सरळ नसते.

पण सहीने बाटली बंद होते, सवय नाही. म्हणून १९८९ मध्ये शेतीशाळा सुरू झाल्या. त्यांची सूत्रे कृषी खात्याकडे न देता नियोजन मंडळाकडे ठेवली गेली. या सगळ्या गोष्टीतला मला सर्वांत चतुर वाटणारा निर्णय हाच.

[दृश्य: बांधावर बसलेले शेतकरी, मधे मोठा कागद, रंगीत खडू.]

शेतीशाळेला भिंती नव्हत्या. साधारण पंचवीस शेतकरी, आठवड्यातली एक सकाळ, लावणीपासून कापणीपर्यंत. आधी खाचरात उतरून चुडावर चुड तपासायचे, मग बांधावर येऊन चित्र काढायचे. मधे भाताचे रोप, एका बाजूला कीड, दुसऱ्या बाजूला मित्रकीटक, प्रत्येकापुढे मोजलेला आकडा. चित्र बघून ठरवायचे, या आठवड्यात काय करायचे. कित्येकदा उत्तर यायचे: काही नाही.

कुणाचा विश्वास बसला नाही तर एका रोपाला जाळी लावून आत तुडतुडे आणि एक कोळी सोडायचे आणि दुसऱ्या दिवशी मोजायचे. काही जण कोवळ्या रोपांची पाने स्वतःच कात्रीने कापून बघत. अळीने पान खाल्ले की पीक गेले, ही भीती अशी कापून तपासली जाई. रोप पुन्हा फुटते, हे डोळ्यांनी पाहिलेला माणूस पहिल्या अळीला घाबरून पंप उचलत नाही.

या काळात जावाच्या खाचरांवर झालेला एक अभ्यास १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. लावणीनंतरच्या पहिल्या आठवड्यांत कीड जवळजवळ नसते, तरी कोळी असतात. मग ते खातात काय? चिखलातल्या कुजक्या काडीकचऱ्यावर आणि पाण्यातल्या शेवाळावर जगणारे बारीक जीव. तुडतुडा यायच्या आधीच राखणदार पोसले जातात. हंगामाच्या सुरुवातीला ‘खबरदारी म्हणून’ मारलेला फवारा नेमकी ही शिदोरी हिरावून घेतो.

पुढच्या काही वर्षांत भातावरचा कीटकनाशकांचा वापर निम्म्याहून खाली आला आणि भाताचे उत्पादन मात्र घसरले नाही. नव्वदचे दशक संपेपर्यंत सुमारे दहा लाख शेतकरी शेतीशाळेत बसून गेले.

मग कार्यक्रमाचा पैसा संपला. राजवट बदलली. स्वस्त कीटकनाशके दुकानांत परतली, नव्या नावांनी, नव्या रंगांच्या बाटल्यांत. २०१० आणि २०११ मध्ये तुडतुडा जावात पुन्हा मोठ्या प्रमाणावर आला.

[दृश्य: पहाट. एक शेतकरी खाचरात उतरतो. पाठीवर पंप नाही. तो चूड पाण्यावर वाकवतो, हाताने हलकेच थापटतो.]

पाण्यावर सहा तुडतुडे पडले. त्यांच्यामागे दोन कोळी धावले.

तो मोजतो आणि पुढच्या चुडाकडे वळतो.