बँकेनं कापलेले पैसे परत मागा

नमस्कार मंडळी. आज बँक खात्यातून कापल्या जाणाऱ्या पैशाबद्दल बोलू. पासबुक प्रिंट करून आणलं की मधेच कुठंतरी 118 नाहीतर 236 कटलेले दिसतात न आपण म्हणतो जाऊ दे, बँकेचं काहीतरी असन. जाऊ देऊ नका. 236 म्हणजे 200 चार्ज न त्यावर 18 टक्के जीएसटीचे 36, आणि 118 म्हणजे 100 न 18. 590 दिसले तं बहुतेक हप्ता बाऊन्स झाल्याचे, 500 न वरून 90. म्हणजे आकडा पाहिला की समजते हा चार्ज आहे, मग एकच विचारायचं, कशाचा?

आमच्या नागपुरात, नंदनवनात एक ताई आहेत, हिंगणा एमआयडीसीत कामाला होत्या, तिथंच सॅलरी अकाउंट उघडलेलं. काम सुटलं, पगार यायचा बंद झाला, मग बँकेनं ते खातं साध्या सेव्हिंगमधे टाकलं न मिनिमम बॅलन्सचा दंड लावणं सुरू. खात्यात काहीच नव्हतं तं खातं मायनसमधे गेलं. पुढं लाडकी बहीणचे 1500 त्याच खात्यात आले आणि आल्याआल्या त्यातून जुना दंड वळता झाला! काउंटरवर सांगितलं सिस्टीमनं कापले, आम्ही काय करणार. मला याचाच राग येते. सिस्टीम बँकेची आहे न, मग जबाबदारी कोणाची?

रिझर्व्ह बँकेचा याच्यावर नियम आहे, नोव्हेंबर 2014 मधला, 1 एप्रिल 2015 पासून लागू. बॅलन्स कमी पडला तं बँकेनं आधी एसएमएस, ईमेल नाहीतर पत्रानं कळवायचं, भरायला कमीत कमी एक महिना द्यायचा, मगच दंड. तोही जेवढी रक्कम कमी पडली त्या प्रमाणात. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, नुसत्या दंडापायी खातं मायनसमधे जाऊ शकत नाही. ताईच्या खात्यात नेमकं हेच झालं होतं. दोन वर्षं व्यवहार नाही म्हणून खातं इनऑपरेटिव्ह झालं असन तं एप्रिल 2024 पासून त्याच्यावर मिनिमम बॅलन्सचा दंड लावताच येत नाही, न ते खातं परत चालू करायलाही पैसे घेता येत नाही.

आता करायचं काय. तोंडी भांडू नका, काउंटरवरचा पोरगा बदलून जाते न तुमचं बोलणं हवेत राहते. साध्या कागदावर लिहा, खाते नंबर, कोणत्या तारखेला किती कापले ते पासबुकातून पाहून एकाखाली एक, आणि खाली असं, "दंडाआधी मला सूचना कधी व कशी दिली ते कळवावे, दंडामुळे खाते मायनसमध्ये गेले आहे, सबब ही रक्कम जीएसटीसह परत जमा करावी." जीएसटीसह हे विसरू नका, नाहीतर 200 येतात न 36 तिकडंच राहतात. दोन कॉपी न्या, एकीवर शिक्का न तारीख मारून घ्या. पोच देत नसतील तं तीच तक्रार बँकेच्या ॲपवर टाका न तक्रार नंबर लिहून ठेवा. पुढं सगळं या नंबरवर चालते.

तीस दिवसात उत्तर आलं नाही, किंवा आलं पण पटलं नाही, तं लोकपालाकडं जायचं, रिझर्व्ह बँकेच्या ओम्बड्समनकडं. 12 नोव्हेंबर 2021 पासून सगळ्या देशाची एकच योजना आहे. आपल्या इथं पुष्कळ लोक संविधान चौकातल्या रिझर्व्ह बँकेच्या बिल्डिंगमधे अर्ज घेऊन जायचा विचार करतात, पण कागदी तक्रार पोस्टानं चंदीगडच्या केंद्रात पाठवायची असते, मराठीत लिहिली तरी चालते. ऑनलाइन करायची तं रिझर्व्ह बँकेचं सीएमएस नावाचं तक्रारीचं पोर्टल आहे, माहिती विचारायला 14448 वर फोन लावा. एक पैसा फी नाही न वकीलही लागत नाही. पण आधी बँकेकडं तक्रार केलेली पाहिजे, थेट गेलात तं अर्ज परत येते.

एक खरं सांगतो, प्रत्येक चार्ज चुकीचा नसते. डेबिट कार्डाची वर्षाची फी बँकेनं आधी सांगितलेली असन न तेवढीच कापली असन तं लोकपालही ती परत देणार नाही. तेव्हा बँकेच्या वेबसाइटवर चार्जेसचा तक्ता असते तो आधी पाहून घ्या, नाहीतर शाखेत मागा.

आणि कृपा करून, रिफंडसाठी गूगलवर कस्टमर केअरचा नंबर शोधून फोन लावू नका. तिथं फ्रॉडवाले टपून बसले आहेत. नंबर कार्डाच्या मागं असते, पासबुकावर असते. पैसे परत यायला ओटीपी लागत नाही, यूपीआय पिन तं मुळीच लागत नाही, ज्यानं मागितला त्याचा फोन तिथंच कट करा.

ताईचे पैसे शाखेतूनच परत आले, लोकपालापर्यंत जावं लागलं नाही. पण दंडाचं मूळ कायम होतं म्हणून त्यांनी तेच खातं बेसिक सेव्हिंगमधे बदलून मागितलं, त्यात मिनिमम बॅलन्सची अटच नसते. एटीएम कार्ड फुकट, महिन्याला चार वेळा पैसे काढणं फुकट. फक्त त्या बँकेत मग दुसरं सेव्हिंग खातं ठेवता येत नाही. ज्यांच्या खात्यात नुसते योजनेचे न मजुरीचे पैसे येतात त्यांनी खातं बेसिकमधे बदलायचा हा अर्ज याच आठवड्यात देऊन टाका.