कीबोर्डची केबल, गोल्डविंगचा हेडसेट

[दृश्य: जुन्या सामानाच्या खोक्यातून निघालेली, टेलिफोनच्या रिसीव्हरला असायची तशी वेटोळी केबल. टोकाला जाडा गोल प्लग.]

१९८१ साली आयबीएमचा पहिला पीसी आला, तेव्हा त्याचा कीबोर्ड पाच पिनांच्या या गोल डिन प्लगने जोडला जाई. १९८७ मध्ये पीएस-टूचा छोटा प्लग आला आणि हा हळूहळू मागे पडला. होंडाच्या गोल्डविंग या मोटरसायकलवर मात्र तो टिकला. जीएल १२००, जीएल १५०० आणि २००१ साली आलेली जीएल १८००, या गाड्यांवर हेल्मेटमधल्या हेडसेटचा (स्पीकर आणि माइकचा) सॉकेट पाच पिनांचा डिनच आहे. म्हणूनच कीबोर्डची जुनी एक्स्टेन्शन केबल हेडसेटची वायर लांबवायला वापरता येते. प्लग तर बसतोच. आत तारा किती, ते आधी बघायचं.

[दृश्य: प्लगचं तोंड, अगदी जवळून. पिनांवर क्रमांक उमटतात.]

पिना अर्धवर्तुळात आहेत, पण क्रमांक ओळीने नाहीत. एक, चार, दोन, पाच, तीन असे ते येतात. कीबोर्डला लागतात चारच: क्लॉक, डेटा, ग्राउंड आणि पाच व्होल्ट. कमानीच्या टोकाची तीन नंबरची पिन बहुतेक कीबोर्डांना नकोच असते, म्हणून बऱ्याच केबलींत पाचवी तार घातलेलीच नसते. वरून पिन दिसते, मागे काही नाही. स्टिरिओ हेडसेटला मात्र पाचही हव्यात: डावा, उजवा, दोन्ही स्पीकरची एक कॉमन, म्हणजे सामाईक परतीची तार, माइक आणि माइकची परतीची तार.

कीबोर्डच्या केबलीचा मिडी केबलशीही (इलेक्ट्रॉनिक वाद्यं जोडायच्या) घोळ होतो. तिचा प्लग हुबेहूब असाच, पण आत एक आणि तीन या पिना बहुधा रिकाम्या. तिच्या वाटेला जाऊच नये.

[दृश्य: मल्टिमीटर बीपवर. एक प्रोब नरप्लगच्या पिनेला, दुसरा मादीप्लगच्या भोकात घातलेल्या बारीक तारेला.]

मीटर बीपवर ठेवा, म्हणजे तार अखंड असली की तो वाजतो. एका टोकाची एक नंबर पिन दुसऱ्या टोकाच्या एक नंबरला लागते का, मग दोन, असं पाचही वेळा. बीप चालू असताना केबल प्लगच्या मुळाशी वाकवून बघा. जुन्या केबली तुटतात त्या तिथेच, आणि रबरी आवरण शाबूत असल्याने वरून काही कळत नाही. शेवटी शेजारच्या पिना एकमेकींना लागत नाहीत ना, तेही पाहून घ्या. पाचही सरळ जुळल्या तर काम संपलं. कोणती पिन कशाची, हे माहीत नसलं तरी चालतं.

चारच तारांची केबल तशीच लावली तर? नसलेली तार माइकची निघाली तर माइक बंद. डाव्याची निघाली तर डावा कान मुका. हे लगेच लक्षात येतं. फसवते ती कॉमन. ती नसली की दोन्ही स्पीकर एकामागे एक जोडले जातात आणि डाव्या-उजव्यातला फक्त फरक ऐकू येतो. गाण्यातली वाद्यं किणकिणतात, गायक गायब. इंटरकॉमचा, म्हणजे चालक आणि मागे बसणाऱ्याच्या बोलण्याचा, आवाज दोन्हीकडे सारखाच असतो, त्यामुळे तो जवळजवळ पूर्ण नाहीसा होतो. लोक मग रेडिओ खोलायला बसतात.

पाचवी तार म्हणून शील्डची, म्हणजे बाहेरचा विजेचा गोंगाट अडवणारी, जाळी वापरायचा मोह होतो. ती प्लगच्या धातूच्या कवचाला आणि तिथून गाडीच्या बॉडीला लागलेली असू शकते. स्पीकरची कॉमन बॉडीला जोडायला अॅम्प्लिफायर तयार असेलच असं नाही. नको.

[दृश्य: हेल्मेटच्या पॅडमागून निघालेला हेडसेट. कागदावर पाच पिनांची आकृती.]

हेडसेटची मूळ वायरच तुटली असेल, तर पिना ओळखाव्या लागतात. पाच पिनांच्या जोड्या होतात दहा. मीटर ओहमवर ठेवून दहाही मोजा आणि लिहून काढा. समजा दोन जोड्या आठ ओहमच्या आणि एक सोळाची निघाली. सोळाच्या जोडीतल्या दोन पिना डावी आणि उजवी, आणि आठच्या दोन्ही जोड्यांत येणारी पिन कॉमन. हेल्मेट कानाला लावून प्रोब टेकवला की त्या बाजूला टक् असा आवाज येतो, म्हणजे डावं-उजवंही ठरलं. उरलेल्या दोन माइकच्या. प्रोब उलटे केल्यावर ओहमचा आकडा बदलला, तर माइक इलेक्ट्रेट. त्याला गाडीकडून थोडं डीसी लागतं, म्हणून त्याची प्लस-मायनसची उलटसुलट सांभाळायलाच हवी.

[दृश्य: केबल सोलताना. आत पातळ चंदेरी पत्रा, त्याच्याकडेने एक उघडी तार.]

सोल्डरिंगसाठी २५ वॅटचं आयर्न आणि ०.८ मिमीची रोझिन कोअर (आत राळ असलेली) सोल्डरची तार पुरते. पाचही जोड एकाच जागी आणू नका. सेंटीमीटरभर पुढेमागे ठेवा, म्हणजे गाठ जाड होत नाही आणि शॉर्टही नाही. बारीक श्रिंक स्लीव्ह (तापवल्यावर आकसणारी नळी) प्रत्येक तारेवर आणि एक मोठी सगळ्यावर, दोन्ही सोल्डर करण्याआधी घाला. पत्र्याची शील्ड अॅल्युमिनियमची असते, तिला सोल्डर धरत नाही. तिच्याजवळची उघडी तार वापरा आणि ती फक्त गाडीकडच्या टोकाला जोडा. दोन्हीकडे जोडली आणि हेडसेटमध्ये ती माइकच्या परतीला लागली, की अल्टरनेटरची शिट्टी आत शिरायला वाट मिळते.

नवा डिन प्लग मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत विचारावा. पाच पिना १८० अंशांतच, म्हणजे अर्धवर्तुळात, आहेत ना, ते पाहून घ्यावा. २४० अंशांचाही मिळतो, तो बसत नाही.

[दृश्य: हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरतं. केबल सैल.]

पहिली चाचणी इंजिन बंद ठेवून, आवाज कमी करून. बॅलन्स पूर्ण डावीकडे, मग उजवीकडे. नंतर इंटरकॉम. शेवटी इंजिन चालू करून रेस वाढवा. रेसबरोबर शिट्टीचा सूर चढला तर आधी शील्डचा जोड तपासा, मग केबल इग्निशन कॉइलजवळून जाते का ते. वेटोळं सीटवर हाताला येईल इतकं सैल असू द्या. प्लगला टेप गुंडाळू नका. उतरताना विसर पडला, तर तो ओढीने सुटला पाहिजे.