काळ्या व्हिनेगरची हंडी आणि हार्मोनचं लेबल

(पडद्यावर: मातीची हंडी, मंद आच, झाकणाच्या कडेने वाफ)

दक्षिण चीनमधलं ग्वांगझू शहर. इथल्या घरात बाळ यायला अजून दोन-तीन आठवडे असतात पण हंडी आधीच गॅसवर चढलेली असते. आत जून आलं, चिमूटभर नाही हां, किलोच्या हिशेबात, साल खरवडून ठेचलेलं, आणि वरून गोड काळं व्हिनेगर, आलं पूर्ण बुडेपर्यंत. एक उकळी काढायची, गॅस बंद, झाकण. दोन दिवसांनी परत उकळी. बाळ झालं की त्यात डुकराचे पाय जातात, उकडून सोललेली अंडी जातात, ती अंडी मुरून मुरून काळी होतात आणि मग डबे भरून नातेवाइकांकडे, शेजारी रवाना. आपल्याकडे पेढे जातात तसंच. डबा दारात आला की काय झालं ते कुणाला सांगावं लागत नाही.

हंडी मातीचीच का, तर व्हिनेगर धातूला खातं. बाकी कारणं ज्याची त्याची वेगळी.

आता हीच हंडी तुम्ही इंटरनेटवर शोधली तर ती भेटते 'हार्मोन बॅलन्स' या नावाखाली, छान फोटो, छान फॉन्ट, लाल खजूर, गोजी बेरी, आणि खाली पावडरीच्या पाकिटाची लिंक. गंमत अशी आहे की हार्मोन हा शब्दच 1905 सालचा. लंडनमध्ये अर्नेस्ट स्टार्लिंग नावाच्या शरीरशास्त्रज्ञाने व्याख्यानात तो पहिल्यांदा वापरला, ग्रीक शब्दावरून, अर्थ साधारण चेतवणं. आणि हंडीमागचं शास्त्र त्याच्या दीड-दोन हजार वर्षं आधीचं, त्यात इस्ट्रोजेन नाही, इन्सुलिन नाही, त्यात आहे रक्त, ची म्हणजे प्राणासारखं काहीतरी, थंडी, ओल आणि किडनी. पण ती किडनी म्हणजे सोनोग्राफीत दिसते ती नव्हे, तो शरीराच्या मूळ साठ्याचा पत्ता आहे, वाढ, केस, दात, मूल होणं सगळं तिथून चालतं असं मानायचे.

ह्वांगती नेइजिंग नावाचा जो चिनी वैद्यकाचा सगळ्यात जुना मोठा ग्रंथ आहे त्याच्या पहिल्याच प्रकरणात बाईच्या आयुष्याचा हिशेब सातच्या पाढ्याने मांडलाय. सातव्या वर्षी दात बदलतात. चौदाव्या वर्षी थ्येनक्वेइ येतं आणि पाळी सुरू होते. अठ्ठाविसाव्या वर्षी शरीर भरात, पस्तिसाव्या वर्षी चेहरा सुकायला लागतो, केस गळायला लागतात (हे वाचून मी आरशात बघून आले), आणि एकोणपन्नासाव्या वर्षी थ्येनक्वेइ संपतं, पाळी जाते. पुरुषांचा पाढा आठचा. आता हे थ्येनक्वेइ म्हणजे काय? शरीरात ठरलेल्या वयाला उगवणारं आणि ठरलेल्या वयाला आटणारं काहीतरी. आजचे काही चिनी डॉक्टर सरळ म्हणतात की हेच हार्मोन. मला ते जरा घाईचं वाटतं, पण निरीक्षण मात्र कडक आहे हे मानायलाच पाहिजे, चौदा आणि एकोणपन्नास हे आकडे आजही फार लांब नाहीत.

(पडद्यावर: ऑफिसातल्या टेबलावर वाफाळता थर्मास)

खाण्याचा नियम मग कसा ठरतो? प्रत्येक पदार्थाचा एक स्वभाव, गरम, उबदार, गारसर, थंड, आणि मधला तटस्थ. हे आपल्याला समजवायची गरजच नाही, पपई उष्ण, काकडी थंड हे ऐकतच आपण मोठे झालो. फरक इतकाच की चीनमध्ये पाळीच्या दिवसांत थंडीचा धसका भलताच मोठा आहे. आइस्क्रीम नाही, कच्चं सॅलड नाही, कलिंगड नाही, खेकडा तर अजिबात नाही कारण तो थंड. त्याऐवजी आलं आणि 'लाल साखर', म्हणजे जवळपास आपला गूळच, याचा काढा. आणि गरम पाणी, कायम गरम पाणी. तिथल्या पोरींमध्ये हा जोक झालाय, पोट दुखतंय म्हटलं की बॉयफ्रेंडचा मेसेज येतो 'गरम पाणी पी', विषय संपला.

थंड खाल्ल्याने हार्मोन बिघडतात याला पुरावा म्हणावा असं काही नाहीये. पोटावर ऊब ठेवली की कळा कमी होतात हे मात्र खरं आहे, आल्याचाही पाळीच्या दुखण्यावर थोडाफार उपयोग दिसलाय. पण ते दुखण्याबद्दल झालं, हार्मोनबद्दल नाही, आणि हा फरक पाकिटवाले हमखास गिळतात.

(पडद्यावर: चिंगपिंग बाजार, पोत्यांच्या रांगा, वाळलेली मुळं)

हा ग्वांगझूचा चिंगपिंग बाजार. लाल खजूर दिसतायत ना, त्यांना खजूर म्हणतो आपण पण ते खजूर नाहीत, ते बोराचे सख्खे भाऊ आहेत. ती नारिंगी गोजी उत्तरेकडच्या निंगश्यामधून येते. काळे तीळ, काळी सोयाबीन, हे किडनीसाठी, कारण काळा रंग किडनीचा, आणि आक्रोडही किडनीसाठीच. आणि ही फिकट तपकिरी, मेणासारख्या चकत्यांची मुळी, वास सेलरीसारखा, ही तांगक्वेइ. गान्सू प्रांतातल्या मिनश्यान भागातली सगळ्यात चांगली समजतात. कोथिंबीर-गाजराच्या कुळातली आहे, म्हणून तो वास.

तांगक्वेइचं सगळ्यात जुनं जेवण ऐका. साधारण 1800 वर्षांपूर्वी चांग चुंगजिंग नावाच्या वैद्याने लिहून ठेवलंय, मटण, त्यात आलं, त्यात तांगक्वेइ, पाण्यात उकळून रस्सा. कुणासाठी? बाळंतपणानंतर पोटात दुखतंय त्या बाईसाठी. बस, तीन गोष्टी. औषध की जेवण हे ठरवायचा प्रयत्नही केलेला नाही आणि मला ते फार आवडतं. हिवाळ्यात हा रस्सा चीनमध्ये आजही होतो.

पण याच मुळीची कॅप्सूल करून 'मेनोपॉजसाठी' विकली तर? अमेरिकेत 71 बायकांवर 24 आठवडे चाचणी झाली, निकाल 1997 साली छापून आला, अर्ध्यांना तांगक्वेइ, अर्ध्यांना खोटी गोळी. हॉट फ्लॅशेसमध्ये, म्हणजे अंगातून एकदम गरम लाट उठते त्यात, फरक शून्य, इस्ट्रोजेनसारखा परिणामही शून्य. चिनी वैद्य यावर म्हणतात की एकटी मुळी आम्ही देतच नाही, चार वनस्पती एकत्र असतात, आणि मुद्दा बरोबर आहे, पण मग एकटीची कॅप्सूल कोण विकतंय हेही विचारायला पाहिजे ना. शिवाय रक्त पातळ करणारी वॉर्फरिन चालू असेल तर ही मुळी घ्यायचीच नाही, रक्तस्राव वाढतो.

आता ती गोष्ट, जिच्यासाठी खरं तर मी हा व्हिडिओ करायला घेतला.

(पडद्यावर: डोंगर, धुकं, मग वाळत घातलेलं समुद्रशेवाळ)

समुद्रापासून लांबच्या डोंगराळ भागात लोकांच्या गळ्याला गाठी यायच्या, गलगंड. चीनमध्येही यायच्या. चौथ्या शतकात गे होंग लिहितो, समुद्रशेवाळ दारूत भिजवा आणि ती दारू थोडी थोडी प्या. सातव्या शतकात सुन स-मियाओ, हा तोच वैद्य जो म्हणायचा आधी खाण्याने बरं करून बघा, नाही जमलं तरच औषध, तो तर याच गलगंडावर मेंढीच्या गळ्यातली ग्रंथी देतो. थायरॉइड ग्रंथी! नाव माहीत नाही, काम माहीत नाही, आणि अचूक तोच तुकडा. त्यांचं कारण काय होतं, तर गाठ म्हणजे घट्ट झालेला कफ आणि खारट चव घट्ट गोष्ट मऊ करते. कारण चुकीचं, उपाय बरोबर. मग 1811 मध्ये फ्रान्समध्ये बर्नार कूर्त्वा बंदुकीच्या दारूसाठी सोरा बनवत होता, समुद्रशेवाळाच्या राखेतून जांभळी वाफ निघाली, ते आयोडीन, थायरॉइडला आपलं हार्मोन बनवायला लागतं तेच, आणि ते कमी पडलं की गलगंड. आणि 1891 मध्ये इंग्लंडमध्ये जॉर्ज मरे या डॉक्टरने थायरॉइड बंद पडत चाललेल्या एका बाईला मेंढीच्या ग्रंथीचा अर्क टोचला, ती पुढे 28 वर्षं जगली.

म्हणजे चिनी स्वयंपाकघराने हार्मोनला खरोखर हात लावला तो इथे, पण 'हार्मोन फूड'च्या पाकिटावर हे कधी दिसणार नाही कारण यात गुलाबी काही नाही. आणि याचा उलटा अर्थही काढू नका. आज मीठ आयोडीनवालं आहे, हाशिमोटो, म्हणजे शरीर स्वतःच्याच थायरॉइडवर उलटतं तो आजार, असलेल्या बाईने थायरॉइडला चांगलं म्हणून रोज केल्प, म्हणजे समुद्रशेवाळच, खाल्लं तर प्रकरण बिघडू शकतं. गोळी सोडून सूप तर अजिबातच नाही.

पीसीओएसचं, म्हणजे हार्मोन बिघडून पाळी अनियमित होते त्या त्रासाचं, थोडक्यात सांगते. जुन्या ग्रंथांत हे नाव नाही, वैद्य त्यातल्या बऱ्याच बायकांच्या त्रासाला 'ओल आणि कफ' म्हणतात आणि सांगतात गोड कमी, तळलेलं कमी, सकाळी काहीतरी गरम शिजवलेलं खा. आपली डाएटिशियनही इन्सुलिनचं नाव घेऊन अर्धंअधिक तेच सांगते. त्यात भांडायला काही नाही.

भांडायचं असेल तर या डब्यावर भांडा. (पडद्यावर: लाल-सोनेरी डबा, आत तपकिरी काळपट वड्या) हे अ-च्याओ, गाढवाच्या कातड्याचं जिलेटिन, 'बाईचं रक्त वाढवतं' म्हणून विकतात, मूळ शानतुंग प्रांतातलं. मागणी इतकी वाढली की चीनमधली गाढवं पुरेनात आणि आफ्रिकेतली जायला लागली. पाणी आणि सरपण वाहणारी ती गाढवं, म्हणजे तिकडच्या बाईच्या डोक्यावरचं ओझं उतरवणारं जनावर. फेब्रुवारी 2024 मध्ये आफ्रिकन युनियनने कातड्यासाठी गाढवं मारण्यावर बंदीचा निर्णय घेतला. रक्त वाढवायचं असेल तर आधी हिमोग्लोबिन तपासा, लोहाची गोळी मिळते, स्वस्त आहे.

(पडद्यावर: परत हंडी)

हंडीकडे परत येऊ. बाळ दहा-बारा दिवसांचं झालंय. आता आई स्वतः खायला लागते, बऱ्याच घरांत तोपर्यंत तिला देत नाहीत. एक वाटी, त्यात एक अंडं, पायाचा एक तुकडा, आलं भरपूर. आंबट-गोड-तिखट एकदम. बाळंतीण पहिल्या घासाला डोळे मिटते, कुणी म्हणतं रक्त भरतं, कुणी म्हणतं दूध येतं, हाडातलं कॅल्शिअम व्हिनेगरात थोडंफार उतरतं हेही खरं. सासू विचारते आणखी वाढू का. अंडी संपत आलीत, तर उकडलेली नवी अंडी आत सोडतात, वरून व्हिनेगर ओततात, एक उकळी, आणि झाकण.