क्लस्टर हेडेक: ठरावीक वेळी येणारी डोकेदुखी

नमस्कार. डोकेदुखीच्या रुग्णाला विचारावा असा एक साधा प्रश्न आहे: दुखत असताना तुम्ही काय करता? अर्धशिशीचा रुग्ण बहुधा अंधार करून निपचित पडून राहतो, तर क्लस्टर हेडेकच्या रुग्णाला एका जागी बसवत नाही. तो येरझाऱ्या घालतो, डोके दाबून धरतो, काही जण तर ते भिंतीवर आपटतात. वेदना एकाच बाजूला, डोळ्याभोवती किंवा कानशिलात असते, त्याच बाजूचा डोळा लाल होऊन पाणावतो, पापणी किंचित खाली उतरते आणि नाकपुडी चोंदते. त्यामुळेच अनेक रुग्ण आधी सायनसचे किंवा दातांचे उपचार घेत राहतात.

हा झटका 15 मिनिटांपासून 3 तासांपर्यंत टिकतो आणि दिवसातून 8 वेळाही येऊ शकतो. काही आठवडे किंवा महिने असे सत्र चालते, मग बहुतेकांना दीर्घकाळ आराम मिळतो. झटके अनेकदा रोज ठरावीक वेळी, विशेषतः झोप लागल्यानंतर तासा-दोन तासांत येतात. शरीराचे दैनंदिन घड्याळ सांभाळणाऱ्या हायपोथॅलॅमस या मेंदूतील भागाचा यात सहभाग असावा, असे मानले जाते ते यामुळेच. सत्र सुरू असताना मद्याचा एखादा घोटही झटका आणू शकतो.

नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या इथे फारशा उपयोगी पडत नाहीत, कारण गोळीचा असर होईपर्यंत झटका ओसरतही आलेला असतो. म्हणून घट्ट बसणाऱ्या मास्कमधून मिनिटाला 12 ते 15 लिटर शुद्ध ऑक्सिजन सुमारे 15 ते 20 मिनिटे दिला जातो. माझ्या मते हा उपचार जितका सुरक्षित, तितकाच दुर्लक्षित आहे. मात्र मास्कजवळ धूम्रपान अजिबात करू नये. दुसरा पर्याय सुमाट्रिप्टान या औषधाच्या 6 मिलिग्रॅम इंजेक्शनचा, पण हृदयविकार असलेल्यांना ते चालत नाही.

झटके येऊच नयेत यासाठी प्रामुख्याने व्हेरापामिल हे औषध वापरतात. त्याने हृदयाचे ठोके मंदावू शकतात, म्हणून मात्रा वाढवताना ईसीजी काढावा लागतो. त्याचा परिणाम दिसेपर्यंतच्या काळात थोडे दिवस स्टेरॉइड किंवा मानेच्या मागील मज्जातंतूजवळ इंजेक्शन देतात.

निदानासाठी न्यूरॉलॉजिस्टकडे जाताना झटक्यांच्या वेळा, बाजू आणि कालावधी लिहून न्यावा, शक्य असल्यास घरच्यांनी झटक्याचा व्हिडिओ काढावा. डोकेदुखी प्रथमच इतकी तीव्र असेल, ताप असेल किंवा हातापायांतील शक्ती गेली असेल, तर तडक आपत्कालीन विभाग गाठावा.