बोलणी फिसकटली की यंत्रमानव येतो

मंडळी, पत्रिकेवर ‘द बिग ओ : गुण आणि दोष’ असं छापलंय. आधी गुण घेतो. दोषांसाठी शेवटची दहा मिनिटं राखून ठेवली आहेत.

माझिंगर झेड, गंडाम, इव्हँगेलियन या अवाढव्य यंत्रमानवांच्या जपानी मालिकांची नावं इथे बसलेल्यांना नव्याने सांगायला नकोत. १९७२ साली गो नागाईंनी यंत्रमानवाच्या डोक्यात चालक बसवला, तेव्हापासून या मालिकांचा साचा बराचसा ठरून गेला. संकट येतं, पोरगा यंत्रात शिरतो, हाणामारी होते. १९९९ मध्ये जपानच्या सनराइझ स्टुडिओने ‘द बिग ओ’ ही ॲनिमेशन मालिका आणली. दिग्दर्शक काझुयोशी कातायामा, मुख्य लेखक चिआकी कोनाका. तिचा नायक रॉजर स्मिथ सैनिक नाही की शाळकरी मुलगाही नाही. दोन पक्षांत वाटाघाटी घडवून आणायच्या, हा त्याचा पेशा. म्हणजे बघा, ज्या क्षणी तो मनगटावरच्या घड्याळातून बिग ओ या आपल्या महाकाय यंत्रमानवाला हाक मारतो, त्या क्षणी तो आपल्या धंद्यात हरलेला असतो. आज मला मांडायचंय ते हेच.

पण त्याआधी एका आरोपाचा समाचार घेतल्याशिवाय मी पुढे जाणार नाही. ‘ही तर बॅटमॅनची नक्कल!’ जिथे जावं तिथे हेच ऐकू येतं, आणि बहुतेकदा एकही भाग पुरता न पाहिलेल्या माणसाकडून. काळा सूट आहे, मोठं घर आहे, काळी गाडी आहे, नॉर्मन नावाचा एकनिष्ठ बटलर आहे. कबूल! सनराइझने त्या अमेरिकी बॅटमॅन कार्टूनच्या काही भागांचं ॲनिमेशनही केलेलं होतं, तेव्हा ओढ कुठून आली ते उघड आहे. पण बॅटमॅन उभा कशावर आहे? आईबापांच्या खुनाच्या आठवणीवर. आणि रॉजरच्या पॅराडाइम शहरात आठवण हीच गोष्ट उरलेली नाही. चाळीस वर्षांपूर्वी काहीतरी घडलं आणि अख्ख्या शहराची स्मृती पुसली गेली. लोक कामावर जातात, दिवे लावतात, यंत्रं चालवतात. हे सगळं आलं कुठून, ते कुणालाच ठाऊक नाही. सूट सारखा असेल हो, माणूस पार उलटा आहे.

अकरावा भाग आठवा. शहर ‘हेवन्स डे’ साजरा करतंय. दिवे आहेत, भेटवस्तू आहेत, सांताक्लॉजचा वेषही आहे. हा नाताळ आहे हे आपल्याला दिसतं, त्यांना दिसत नाही. सण उरलाय, त्यामागची गोष्ट गेलीय. मग एका बीतून राक्षसी झाड उगवतं आणि शहरावर उठतं. विसरलेला सण असा अंगावर धावून येतो, आणि लेखक त्यावर भाषण ठोकत नाही. मला हा भाग पहिल्या तेरा भागांतला सर्वांत सुंदर वाटतो.

आणि तो ठोसा! बिग ओच्या कोपराजवळ जाडजूड पिस्टन आहेत. मूठ शत्रूवर आदळते, मग मागे ताणलेला पिस्टन सुटतो आणि दुसरा दणका बसतो. इतर मालिकांतले यंत्रमानव पाखरासारखे भिरभिरतात. हा पाऊल टाकतो तेव्हा रस्ता खचतो. तोशिहिको साहाशींचं संगीतही तसंच, कधी सॅक्सोफोन, कधी भरभक्कम वाद्यवृंद. डोरोथीबद्दल तर बोलायचंच राहिलं. रोज सकाळी पियानो बडवून रॉजरला उठवणारी, त्याच्या तोंडावर ‘तू अगदी नीच आहेस’ म्हणणारी ती यंत्रकन्या. तिच्यावर मी स्वतंत्र तासभर बोलेन.

आयोजक घड्याळ दाखवताहेत. मग दोष भराभर.

ठरवले होते सव्वीस भाग, निघाले तेरा, आणि कथा ऐन वळणावर तुटली. पुढे अमेरिकेत कार्टून नेटवर्कवर मालिका गाजली, म्हणून २००३ मध्ये उरलेले तेरा आले. तिकडच्या निर्मात्यांच्या दोन मागण्या होत्या: हाणामारी वाढवा आणि रहस्य उलगडा. इथेच घडी विस्कटली. एकेका भागात संपणाऱ्या गोष्टी मागे पडल्या, ‘रॉजर नेमका कोण?’ हा घोळ वाढत गेला. ॲलेक्स रोझवॉटर हा खलनायक तर शेवटी नुसता ओरडतो. त्याला काय हवंय हे कळतं, पण ते त्याला इतकं का हवंय हे पोचत नाही.

सर्वांत मोठा दोष माझ्याच मुद्द्यातून निघतो. आठवड्याला एक लढाई हवी, म्हणून वाटाघाटी आठवड्याला फिसकटायलाच हव्यात. ज्याचं काम जवळजवळ कधीच फत्ते होत नाही, त्याच्या कसबावर विश्वास कसा बसावा? सव्विसाव्या भागात शहर पुसलं जात असताना रॉजर एंजेल या गूढ स्त्रीशी बोलतो, तिला भूतकाळ सोडून द्यायला विनवतो. अखेर तोंडाने काम होतं! कल्पना अचूक आहे. पण एंजेलला आधी पुरेसं उभंच केलेलं नाही, त्यामुळे तो क्षण जितका खोल जायला हवा तितका जात नाही. तिला दुसऱ्या पर्वात निदान तीन भाग स्वतंत्र द्यायला हवे होते, हे माझं ठाम मत आहे.

थांबतो. मागच्या रांगेत हात वर झालाय. विचारा.